गुरुवारच्या तेलाचा वास

गुरुवारी संध्याकाळी मी तेल तापवत असे. कणकेचे लहान चौकोन त्यात सोडले की टम्म फुगतात. ते बोर्सोक आम्ही खातो खरे, पण गुरुवारचं मुख्य काम त्यांचं नसतं, वासाचं असतं. गेलेली माणसं त्या संध्याकाळी आपापल्या दाराशी येतात. त्यांना खाता येत नाही. कढत्या तेलाचा वास, एवढाच त्यांचा घास.

माझा नवरा तोलोमुश डोंगरातल्या आमच्या गावी वारला. आम्ही त्यानंतर बिश्केक शहराच्या कडेला, कचऱ्याच्या डेपोशेजारच्या या वस्तीत आलो. हे घर त्याने जिवंतपणी पाहिलंच नाही. इथे गल्ल्यांना नावं नाहीत आणि सगळी फाटकं एकाच निळ्या पत्र्याची. घर ओळखायला त्याला वासाशिवाय दुसरी खूण नव्हती.

फाटकाशी उभं राहायचं काम माझ्या नातीचं, बुरुलचाचं. वास तिथवर पोचला की ती ओरडायची, "एने, चोनाता आला!" आजोबा आले, हे आजीला सांगायची तिची ही ललकारी सगळ्या गल्लीला ऐकू जायची. मग मी हात पुसून दुआ म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात ती सात वर्षांची होती. एका गुरुवारी ती फाटकाशी बराच वेळ गप्प उभी राहिली. माझा दुसरा घाणा झाला, तिसरा झाला.

"बुरुलचा, आला का गं?"

"आला, आला," ती म्हणाली. पण ओरडली नाही.

बत्तीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. उत्तर येत नसताना मूल हात कसा वर करतं, ते मला ओळखता येतं.

खोकला तिला नोव्हेंबरपासूनच होता. आमच्या वस्तीत थंडी लागली की सगळीच मुलं खोकतात, म्हणून मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं. माझी सून कुंदुझ, बुरुलचाची आई, जॅकेटं शिवायच्या कारखान्यात काम करते. तिथल्या उरलेल्या तुकड्यांची पोती ती घरी आणायची. अस्तराच्या चिंध्या, आतला पांढरा भुसभुशीत थर, वर कागदासारखं सळसळणारं प्लास्टिक. कोळसा थोडा आणि हे पोतंभर, अशी आमची घर तापवायची भट्टी चालायची. ते जळत कमी आणि वितळत जास्त. थेंब थेंब गळायचे, ज्योत हिरवी व्हायची, आणि सकाळी अंगणातल्या बर्फावर काळे धागे पडलेले असायचे. आमच्याच नाही, सगळ्यांच्या अंगणात. कुणी बाटल्या जाळायचं, कुणी बूट. शेजारचा जापार टायर जाळायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बुरुलचाच्या छातीला नळी लावली. आतल्या वाटा सुजल्यात, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, थोरल्या बहिणीला हाक मारतात तसं, विचारलं, "घरात काय जाळता, एजेके?"

"कोळसा," मी म्हणाले.

बुरुलचाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चुकलं तरी चालेल पण खोटं सांगू नका, हे मी आयुष्यभर फळ्यापुढे उभी राहून म्हणत आले होते. घरी येईपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता आणि मला तो धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीशेजारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. तोलोमुश आमच्या गल्लीत उभा होता. अंगात त्याचा गावाकडचा मेंढीच्या कातड्याचा कोट. तो एका फाटकाशी थांबायचा, नाक वर करायचा, मान हलवायचा, पुढच्या फाटकाशी जायचा. आमच्या फाटकाशीही थांबला. मी आतून हाक मारत होते, पण आवाज फुटत नव्हता. तो स्वतःशीच पुटपुटला, "सगळ्या घरांना एकच वास." आणि पुढे गेला.

जागी झाले तेव्हा बुरुलचा माझ्यासमोर बसून चित्र काढत होती. मी तिला म्हटलं, "चल, पहिलीच्या वर्गातला खेळ खेळू." तिच्या डोळ्यांना रुमाल बांधला. नाकाशी कांदा कापून धरला.

"सफरचंद?" ती म्हणाली.

वाळला पुदिना धरला. "चहा?" साबण धरला. ती बराच वेळ नाक ओढत राहिली. मग हळूच म्हणाली, "एने, एक सांगू? मी त्या दिवशी खोटं बोलले. चोनाता आला की नाही, मला कळलंच नाही."

"मग आला म्हणालीस कशाला?"

"तू वाट बघत होतीस ना."

मी काही बोलायच्या आत तिने रुमाल सोडला. "आता तुझी पाळी! लबाडी नाही करायची. फटीतून बघायचं नाही."

मी डोळे बांधून घेतले. ती स्वयंपाकाच्या फळीशी खुडबुड करून आली. नाकाशी काहीतरी आलं. मी मास्तरणीच्या ठसक्यात म्हणाले, "पुदिना!"

ती खिदळली. "चूक! पुन्हा."

"मग… चहा?"

"चूक!"

"साबण असेल."

आता ती हसली नाही. मी रुमाल काढला. तिच्या हातात चिरलेला कांदा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला कशाचाच वास येत नव्हता.

मी किती दिवस अशीच तेल तापवत होते, कुणास ठाऊक. वास जातोय की नाही, हे पोरीला विचारत होते आणि स्वतःचं नाक एकदाही तपासलं नव्हतं.

संध्याकाळी कुंदुझ नवं पोतं घेऊन आली. मी ते दारातच अडवलं.

"हे आत यायचं नाही."

"मग जाळायचं काय, अपा? माझी हाडं?" ती दमलेली होती. "पोर गारठली तर डॉक्टरीण येणारे का पांघरूण घालायला?"

जापार कुंपणावरून ऐकत होता. तो म्हणाला, "एजेके, उगाच घाबरता. धुरात मांस टिकतं, तसा माणूसही टिकतो. मला बघा, साठीला आलो."

"तू टिकलास रे, पण कसा दिसतोस ते आरशात बघ," मी म्हणाले. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला जी उबळ आली, ती कुंपण धरूनही आवरेना. कुंदुझ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पोतं खाली ठेवलं.

आमची भट्टी आम्ही शेणाच्या गोवऱ्यांवर आणि मिळेल त्या कोळशावर आणली. घर थंड राहू लागलं. पण धूर काही भट्टीतूनच येत नाही. तो दाराखालून यायचा, जापारकडून यायचा, डेपोवरून यायचा. तिथला कचरा बर्फाखालीही आतून धुमसत असतो. पोरीचा खोकला थांबेना. शेवटी कुंदुझ स्वतःच म्हणाली, "माझ्या आईकडे पाठवू तिला." तिची आई, म्हणजे बुरुलचाची ताय-एने, नारिनकडे, घाटापलीकडे उंचावर राहते. जाण्याआधी मी बुरुलचाला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. बुरुलचाने त्या वेळीही मान वर करून पाहिलं. मग माझं बोट धरलं.

ती गेल्यावरही मी गुरुवार सोडला नाही. फाटकाशी कुणी नव्हतं. तेल तापवायचे, दार उघडं टाकायचे आणि करड्या गल्लीकडे बघत बसायचे. वास येत नव्हता, तो जातोय का तेही कळत नव्हतं.

पाचव्या गुरुवारी संध्याकाळीच फोन आला.

"एने!" आवाज मोकळा होता, मधे खोकला नव्हता. "ताय-एनेने बोर्सोक तळले. मी पार गोठ्याशी होते, तरी वास आला! एकदम आला, नाकात घुसला!"

मी खाली बसले. कितीतरी वेळ "शाब्बास, शाब्बास" एवढंच म्हणत होते.

"आणि एने, चोनाता इथे आला."

"इथे म्हणजे? तुझ्याकडे?"

"हो. फाटकाशी उभा होता. मेंढीचा कोट घालून."

त्या कोटाविषयी मी तिला कधी सांगितलं होतं की नव्हतं, मला आठवेना. "काय म्हणाला?"

"काही नाही. त्याला बोलताच येत नव्हतं," ती म्हणाली. "नुसता खोकत होता."

तोलोमुश आयुष्यात कधी खोकला नव्हता. त्याचं हृदय थांबलं, छाती मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होती, गावातल्या हवेसारखी. म्हणजे तो आमचं घर चुकला नव्हता. इतके हिवाळे दर गुरुवारी तो आमच्या फाटकाशी येत होता, मी बोलावत होते म्हणून, आणि तो धूर छातीत भरून घेत होता.

मी उठले. कढईखालची आच बंद केली. बोर्सोक तेलात अर्धेकच्चे राहिले.

आता मी गुरुवारी दार लावून घेते. इथे तेल तापवत नाही.