संत्र्याच्या रसासंग गोळी

आंजी गावच्या चंद्रभानला शिंक एकटी कधी येत नसे, ओळीनं वीस यायच्या. बांधावरचं गाजरगवत फुललं की नाक वाहायचं, डोळे लालबुंद व्हायचे. मग गडी दुकानातली पिवळी गोळी गिळायचा आणि पहाटे वांगी-कोथिंबीर भरलेला छोटा हत्ती टेम्पो वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. त्या गोळीनं शिंका थांबायच्या, पण डुलकी लागायची. दिवाळीनंतर एकदा गाडी पुलाच्या कठड्याला घासली. तेव्हापासून बायको, कुंताबाई, रोज शेजारी बसून नवऱ्याच्या पापण्यांवर पहारा देऊ लागली.

डॉक्टरांनी पिवळी बंद करून झोप न आणणारी गोळी लिहून दिली. चार दिवस झाले. झोप येत नव्हती हे खरं, पण शिंकाही जशाच्या तशा.

"काई कामाची नाई हे," चंद्रभान वैतागला. "उद्यापासून आपली पिवळीच बरी."

कुंताबाईला पुलाचा कठडा आठवला. ती तडक वर्षालीच्या औषधाच्या दुकानात गेली. शिकून गावातच दुकान टाकलेली ही पोर. साधी खोकल्याची बाटली मागा, आधी दहा चौकशा करणार. कुंताबाईला त्याचा भारी कंटाळा.

"पोरी, हे गोळी बदलून दे, नाईतर दोन-दोन घ्याले सांग."

"दोन कायले काकू? काकाजीले किडनीचा तरास? पित्ताचं औषध?"

"काई नाई."

"मंग गोळी कायच्या संग घेते?"

"आता आजारी मानसाले नुसतं पानी द्यावं का वं? घरची संत्री हायेत. रोज पेलाभर ताजा रस काढून देऊन राह्यली मी."

वर्षाली हसली नाही. गिऱ्हाईक थांबवून बाहेर आली आणि कुंताबाईला स्टुलावर बसवलं.

"काकू, गोळी चांगली हाय. पन तिचं न संत्र्याचं जमत नाई. रसासंग घेतली का अंगात पुरी उतरत नाई. साध्या पान्यासंग द्या, संत्री दुपारी खाऊ द्या. डोस मनानं वाढवायचा नाई. पिवळी तर गाडीवाल्या मानसानं घ्यायचीच नाई. अन् आता गोळी पुरी लागू पडन, तवा पयले एक दिवस घरीच घेऊन पाहा. झोप न आननारी म्हनते, तरी एखाद्याले येते."

कुंताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायेनं काढलेला रस आणि त्यानंच औषधावर पाणी फिरवलं! पण त्याहून जास्त नवल या पोरीचं वाटलं. आपण जिला चोंबडी म्हणत होतो, तिच्या एका प्रश्नानं घरचा माणूस वाचला. तिनं वर्षालीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी गाडी पोरानं, किशोरनं नेली. चंद्रभान कुरकुरत पाण्यासंग गोळी घेऊन घरीच बसला. दिवसभर डुलकी नाही, आणि संध्याकाळपर्यंत शिंका मोजून तीन.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघं निघाली. कुंताबाईनं सवयीनं त्याच्या पापण्यांवर नजर लावली. डोळे स्वच्छ होते, हात स्टिअरिंगवर घट्ट. पूल मागे पडला.

पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा मान नवऱ्याच्या खांद्यावर होती, गाडी बाजारात उभी होती आणि चंद्रभान दबक्या आवाजात हमालाला सांगत होता, "हळू उतरव बे कॅरेट. झोपू दे तिले."