आमच्या घड्याळात चार

आमचा देश सार्वभौम, अविभाज्य आणि चिरंतन आहे. आमच्या राज्यघटनेचं हे पहिलं वाक्य तोफांच्या सलामीत वाचलं गेलं. तोफ एकच होती, त्यामुळे सलामी जरा रेंगाळली. जगातल्या एकाही देशाने आम्हाला अजून मान्यता दिलेली नाही, पण त्यात नुकसान जगाचंच आहे.

परराष्ट्र मंत्रालय इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या माडीवर होतं. मी तिथला सचिव, म्हणजे कुलपाची किल्ली माझ्याकडे असे. जिना चढून कोणी आलंच, तर ते चुकून कपड्यांचं बोचकं घेऊन वर आलेलं असे.

मंत्रीसाहेब पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी पहिला वटहुकूम काढला तो घड्याळाचा. नदीपलीकडच्या देशातून आपण फुटून निघालो, मग त्यांची वेळ आपण का पाळायची? आमची घड्याळं अर्धा तास मागे झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरी जाऊन बाहेरच्या खोलीतलं घड्याळ मागे केलं आणि स्वयंपाकघरातलं तसंच ठेवलं. टीव्हीवरच्या मालिका सगळ्या पलीकडच्या होत्या ना!

साहेबांची थोरली बहीण पलीकडेच राहिली होती. आई लवकर गेली, तेव्हा याच ताईंनी त्यांना वाढवलं. आता पूल बंद होता, फोन तोडलेले होते, आणि भेट होऊन कैक वर्षं लोटली होती. शेवटी मध्यस्थांनी कशीबशी तडजोड घडवली. रविवारी चार वाजता, अर्धा तास, पुलाच्या मधोमध नातेवाइकांनी भेटायचं. पुन्हा कधी, हे कोणीच सांगत नव्हतं. त्याच मध्यस्थांबरोबर ताईंचा निरोप आला : काचबिंदूने नजर जात चालली आहे, दिसतंय तोवर तुला एकदा बघून घेते.

"साहेब," मी म्हणालो, "चार म्हणजे कोणाचे चार, ते विचारून घेऊ का?"

"विचारलं की संपलं! विचारणं म्हणजे त्यांचंही एक घड्याळ आहे हे कबूल करणं."

"आहेच की पण."

"असेल. आपल्याला त्याची अधिकृत माहिती नाही."

रविवारी साहेबांच्या घरून वहिनी स्वतः माडीवर आल्या. साहेब सकाळपासूनच तयार होऊन बसले होते. खालून दोनदा इस्त्री करून आणलेला सदरा अंगात होता आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

"अहो, निघा ना! स्वयंपाकघरातल्या घड्याळात चार वाजत आले."

"इथे साडेतीनही झालेले नाहीत."

"एक दिवस त्यांच्या वेळेने गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आज घड्याळ मान्य केलं, तर उद्या ते झेंडा पुढे करतील."

"मग लवकर जाऊन थांबा तिथे."

"देशाच्या परराष्ट्रमंत्र्याने त्यांच्या शिपायांसमोर ताटकळत उभं राहायचं?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "ताई घड्याळ बघायला येत नाहीयेत हो. तुम्हाला बघायला येताहेत."

 साहेब एकदा अर्धवट उठले, सदऱ्याला सुरकुती पडेल म्हणून उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसले. वहिनी तणतणत जिना उतरल्या.

आम्ही बरोबर चारला पुलावर पोचलो. आमच्या चारला. समोरून अख्खं गाव परत येत होतं. इस्त्रीवाला, त्याची सासू, आमच्याच खात्याचा ड्रायव्हर, सगळ्यांचे डोळे लाल. सगळे स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून आले होते. देशाची वेळ पाळणारे त्या दिवशी दोघंच निघाले, साहेब आणि मी. साहेबांना बघून लोक बाजूला झाले. नेहमीचा नमस्कार कोणी केला नाही, सगळे खाली बघत होते.

पलीकडचं फाटक बंद झालं होतं. पलीकडच्या नातेवाइकांची बस लांब वळणावर धूळ उडवत चालली होती. पुलावरच्या पांढऱ्या पट्ट्यापलीकडे त्यांचा एक शिपाई उभा होता, आणि पट्ट्याच्या अलीकडे, आमच्या हद्दीत, एक लाकडी खुर्ची.

"तुम्हीच ते भाऊ का?" शिपायाने विचारलं.

साहेबांनी मान हलवली.

"बाई शेवटपर्यंत थांबल्या हो. आम्ही म्हटलं, मावशी, चला आता, बस सुटेल. तर म्हणाल्या, माझा भाऊ वेळेचा फार पक्का आहे, शाळेला कधी एक दिवस उशीर केला नाही त्याने. येईलच. खुर्ची आम्ही या बाजूला दिली होती. त्यांनीच ओढत ओढत पुढे नेली. लांबचं दिसत नाही म्हणाल्या."

साहेब बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग पट्ट्याकडे तोंड करून त्या खुर्चीवर बसले. मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ली फिरवून काटे अर्धा तास पुढे नेले आणि तसेच बसून राहिले. मी नदीकडे बघितलं. दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळाने शिपाई खाकरला. पट्टा ओलांडायची त्याला परवानगी नव्हती.

"साहेब, रागावू नका," तो म्हणाला, "पण ती खुर्ची जरा इकडे सरकवता का? आमच्या चौकीत एकच आहे."