काळ्या कापडाच्या दुकानाची किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. इस्फहानच्या बाजारात, कापडवाल्यांच्या ओळीत, हाजी यदुल्लांचं दुकान आहे. बायका बाहेर पडताना डोक्यापासून पायापर्यंत जी काळी चादर घेतात, तिचं कापड तिथं मिळतं. त्या दुकानाची मी किल्ली. माझ्याकडून फार शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका. माझं बहुतेक आयुष्य एका खिशात गेलं, आणि खिशात येणारा आवाज अर्धाच असतो. जे घडलं ते सांगते. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

कुलूपवाल्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या उस्तादानं मला कानशीनं घासून घडवलं. यदुल्ला तेव्हा पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला. त्याच्या खिशात मला सोबत मिळाली ती जपमाळेची आणि खडीसाखरेच्या दोन खड्यांची. दिवसभर मी गल्ल्याशेजारी खिळ्यावर लटकायची. तेवढा वेळ जग दिसायचं.

त्या जगातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे सय्यद जलील. बाजारातल्या छोट्या मशिदीचा इमाम, आणि यदुल्लाचा लहानपणचा दोस्त. दोघांत अरे-तुरे. कुणाचं लग्न ठरवायचं असो, भावाभावांची वाटणी असो, भिजलेल्या गठ्ठ्यांवरून भांडण असो, माणसं कोर्टात जायचीच नाहीत. सय्यद दुकानात यायचा, चहा प्यायचा, दोन्ही बाजूंना रागवायचा, आणि भांडण मिटायचं.

मग इराणच्या बादशहाच्या, शहाच्या पक्षाची पोरं बाजारात शिरली. महागाई कुणी आणली ते शोधत होती म्हणे. व्यापाऱ्यांनी आणली, असं त्यांना सापडलं. यदुल्लाला एकोणीस दिवस तुरुंगात ठेवलं. मी त्या दिवसांत त्याच्या बायकोच्या, बतूल खानमच्या ओढणीच्या गाठीत होते. रोज सकाळी दारावर टकटक व्हायची आणि सय्यदाचा आवाज यायचा, "वहिनी, दार उघडू नका. रोट्या पायरीवर ठेवल्यात. गरम आहेत तोवर खा."

एकोणीसही दिवस. एकदाही चुकला नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांनी सय्यद दुकानात येऊन म्हणाला, "यदुल्ला, उद्यापासून दुकान बंद," तेव्हा यदुल्लानं का म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"तो जाईपर्यंत."

"आणि शहा नाहीच गेला तर?"

"तुझ्याकडे काळं कापड आहेच की. दोघांना त्यातच गुंडाळून टाकतील."

दोघंही पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून अख्खा बाजार बंद. काही महिने मला कुलपाचं तोंड दिसलं नाही. यदुल्ला मात्र रोज यायचा, कुलपावर हात ठेवायचा आणि परत जायचा. बतूल खानम कुरकुरायची, "दुकान बंद करून देश कसा उघडतो, ते मला समजावून सांगा." त्याला सांगता यायचं नाही. "सय्यद म्हणाला," एवढंच तो म्हणायचा.

हिवाळ्यात एके दिवशी शहा गेला. ओळीतले लोक एकमेकांना मिठाई भरवत होते. यदुल्लानं धावत येऊन मला कुलपात घातलं.

त्यानंतरचं मला नीट समजत नाही. सय्यदासारख्या इमामांचं सरकार आलं आणि बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे, असा कायदा आला. आमच्या दुकानापुढे रांग लागली. बतूल खानम घरी म्हणाली, "तुमचा सय्यद म्हणजे तुमचं नशीबच." दुसरा कुणी खूश झाला असता. यदुल्ला म्हणाला, "गप बस गं. गिऱ्हाईक आपल्या मनानं आलेलं बरं असतं."

इराकशी झालेल्या युद्धात त्यांचा एकुलता मुलगा हबीब गेला. कबरीपाशी सय्यदानं यदुल्लाला मिठीत धरलं, इतकं घट्ट की मी दोघांच्या मध्ये चेंगरले. चार महिन्यांनी हबीबची मुलगी जन्मली. तिचं नेगीन हे नाव सय्यदानंच तिच्या कानात सांगितलं.

सय्यद मोठ्या सरकारी कचेरीत गेला. मशिदीत फक्त शुक्रवारी यायचा, बरोबर दोन अंगरक्षक. चादरीचं कापड जपानमधून यायचं. ते आणायचा परवाना बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून काढून एका बड्या धर्मादाय संस्थेला दिला गेला. त्या संस्थेच्या मंडळावर सय्यद होता. यदुल्ला, आता हज करून हाजी झालेला, तीन दिवस त्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसला. तिसऱ्या दिवशी आत गेला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं, "आगा, तुम्ही काही करू शकाल का?"

सय्यदानं समोरचे कागद सारखे केले. त्यालाही ते 'तुम्ही' लागलं असावं. मग म्हणाला, "हाजी, आता सगळं माझ्या हातात नाही."

वाटलं, संपली यांची दोस्ती. पण त्या शुक्रवारी हाजी त्याच्याच मागे नमाजाला उभे. दुकानात बसून कचेरीवाल्यांना शिव्यांची लाखोली वाहायची, आणि शुक्रवारी त्यांच्यातल्याच एकाच्या मागे वाकायचं. मोजेवाला करीम समोरच्या दुकानातून टोमणा मारायचा, "हाजी, सरकारला शिव्या देता आणि त्याच्याच मागे उभे राहता?" हाजी म्हणायचे, "मी सरकारच्या मागे उभा नसतो. जलीलच्या मागे असतो."

"फरक काय?"

"तू मोजे वीक."

मग गेल्या वर्षीचा तो शरद आला. रस्त्यावर मुली डोकं उघडं टाकून ओरडत होत्या. बाजारात एकेक दुकान बंद व्हायला लागलं. नेगीन शाळेत गणित शिकवते. तिच्या वर्गातली एक मुलगी चौकात गोळी लागून गेली. जेवताना नेगीन म्हणाली, "आजोबा, तुम्ही शहाला घालवायला महिनोन्महिने दुकान बंद ठेवलंत. हिच्यासाठी एक दिवस ठेवा."

दुसऱ्या दिवशी सय्यद स्वतः आला. म्हातारा, हातात काठी, अंगरक्षक दाराशी. "हाजी, उद्या दुकान उघडं ठेवा. जे बंद ठेवतील त्यांना सील ठोकणार आहेत. माझं ऐका."

घरी जाताना हाजींनी मला मुठीत इतकं आवळलं होतं की मी गरम झाले.

सकाळी ते बाजारात आले. निम्मी ओळ बंद. त्यांनी मला कुलपात घातलं, काढलं, परत घातलं. शेवटी दुकान उघडलं. गादीवर बसले. एक बाई आली, कापड मागितलं. मागे छतापर्यंत तागे रचलेले, आणि हाजी म्हणाले, "नाही."

"अहो, हे काय मग?"

"ते विकायचं नाही."

चार दिवस असंच. करीमनं आपलं दुकान बंद ठेवलं होतं. तो येता-जाता म्हणायचा, "हाजी, दुकान उघडलंय की दर्शनाला ठेवलंय?" कुणीतरी शटरवर रंगानं 'सरकारचा कुत्रा' लिहून गेलं. नेगीन त्यांच्याशी बोलेना. पाचव्या दिवशी दोन अधिकारी आले.

"हे दुकान उघडं आहे की बंद?"

"उघडं आहे."

"मग विकत का नाही?"

"विकावंसं वाटत नाही."

हा संपच आहे, असं ते म्हणाले. त्यांनी माझं कुलूप कापून फेकलं, आपलं लावलं आणि वर सील ठोकलं. मी हाजींच्या हातात, आणि माझं कुलूप गटारात. साठ वर्षांचा संसार होता आमचा.

आठवड्यानं सय्यद घरी आला, अंगरक्षकांशिवाय. बतूल खानमनं मुकाट्यानं चहा ठेवला. मी ताटाशेजारी पडले होते, म्हणून या वेळी सगळं दिसलं. त्यानं एक कागद पुढे केला. "माफीनामा आहे. सही कर, उद्या सील निघेल."

हाजी कागद वाचत राहिले. मग म्हणाले, "माफी कशाची ते आधी सांग. बाहेर म्हणतात मी सरकारचा. सरकार म्हणतं मी त्यांचा. मला स्वतःला माहीत नाही."

"तू कापड का विकलं नाहीस?"

"नेगीनच्या वर्गातली मुलगी गेली, जलील. काळं कापड मोजायला हातच उठेना."

"मग सरळ बंद का नाही ठेवलंस? निदान हे लोक तरी तुझ्या बाजूनं उभे राहिले असते."

हाजींनी त्याच्याकडे पाहिलं. लहान पोरानं पाहावं तसं.

"तू उघड म्हणालास ना."

सय्यदानं कप खाली ठेवला. दाराशी उभ्या नेगीननं हे सगळं ऐकलं. ती आत आली आणि आजोबांच्या शेजारी बसली. कुणाच्या बाजूनं बसली, ते मला सांगता येणार नाही. सय्यद कागद तिथंच ठेवून, भिंतीला धरत धरत जिना उतरला.

सही झालेली नाही. कागद फाडलेलाही नाही. कुराणाच्या फडताळात आहे. हाजी आता रोज सकाळी मला खिशात घालून बाजारात जातात आणि करीमच्या स्टुलावर, आपल्या सील ठोकलेल्या दुकानासमोर बसतात. करीमनं टोमणे बंद केलेत. तो चहा आणून ठेवतो.

तुमच्यापैकी कुणी त्या ओळीत आलात तर एक विनंती आहे. तुम्ही कुठल्या बाजूचे, असं हाजींना विचारू नका. दिवसातून दहा माणसं विचारतात, आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात खिशात येऊन मला चाचपतो, जणू उत्तर माझ्याकडे आहे.

ते नाही. खरंच नाही.

तुम्ही फक्त शेजारी बसा. स्टूल दुसरंही आहे. परवा त्यावर काठी टेकत एक म्हातारा येऊन बसला होता. करीमनं न विचारता दुसरा चहा आणला.

तो थंड होईपर्यंत दोघं बसून होते.