मक्यातली हाक

"सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, सुधाताई. खुद्द मीच ठेवत नाही!" नागेशनं कॉफीचा कप बाजूला सारला.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या त्या घरात पावसामुळे चारलाच दिवे लावले होते. सुधाताई मुलाकडे, उत्कर्षकडे राहायला आलेल्या, पण जीव सगळा लेकीकडे. विभावरी नागेशच्याच कारखान्यात, त्याच्या शेजारच्या टेबलावर कामाला होती. इथं शेतकी शिकायला आलेल्या जोसेफशी लग्न करून ती त्याच्या गावी, आफ्रिकेत मलावीला गेली. सुधाताईंनी बोलणं टाकलं. पुढं मन विरघळल्यावर एकदा फोन केला, तो कोणी उचलला नाही. तेव्हापासून मायलेकी दोघी हटून बसलेल्या.

ईस्टरच्या सुट्टीत नागेश तिच्याकडे जाऊन आला. निघताना विभा म्हणाली होती, "आईला सांगा, अजून एकदा फोन कर." सरळ सांगावं, तर सुधाताई म्हणणार, "तिला बोटं नाहीत का?" म्हणून त्यानं तुर्की दुकानातून परदेशी स्वस्तात फोन लावायचं कॉलिंग कार्ड आणून साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलं होतं. सुधाताईंनी ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

"दिवस कलला की विभाच्या गावचे लोक कोंबड्या, पोरं, स्टुलं, सगळं आत घेतात. दाराला अडसर. कोणी चकार शब्द काढत नाही. आणि मग मक्यातून हाक येते. 'विभाऽऽ!' मराठीत. तुमच्या आवाजात."

"उंड डान? मग पुढं?" सोफ्यावर बसलेल्या उत्कर्षच्या ओवीनं पाय वर घेतले.

"विभाचा धाकटा दाराकडे रांगत निघाला. विभानं त्याला मागं ओढलं. मला म्हणते, 'तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, आईनं शिकवलंय. दुसरी येऊ दे.' बसलो जीव मुठीत धरून. बाहेर काहीतरी भिंतीला घासत घराभोवती फिरलं. दाराशी थांबलं. फटीतून वास आला, खोबरेल तेलाचा. तुम्ही लावता तोच."

सुधाताईंचा हात नकळत अंबाड्याकडे गेला.

"दुसरी हाक?" त्यांनी हळूच विचारलं.

"आलीच नाही. विभा म्हणाली, रोज असंच. एकदाच येते. तिचे कान दाराला लागलेले असतात, दुसरी आली की ओ द्यायची म्हणून."

अंगण खरं होतं, मका खरा होता. हाकेचं सगळं नागेशनं आत्ताच रचलेलं. तरी त्याच्याच हातावर काटा उभा राहिला. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. हीटरचा पाइप एकदा ठक् वाजला. तिघंही दुसऱ्या ठकची वाट पाहत राहिले.

"थापा!" सुधाताई एकदम कडाडल्या. "शुद्ध थापा, नागेशराव! मी, आणि एका हाकेवर थांबेन? कार्टी ओ देईपर्यंत अख्खी आळी डोक्यावर घ्यायचे मी! आणा ते कार्ड इकडे!"