पेंगेलीसाहेबांकडे वळलेले टोक

मी एक जुनी तलवार आहे. मित्रांनो, लढाईच्या गोष्टी ऐकायला आला असाल तर तुमची निराशा होईल. लग्नाचा केक सोडला तर मी आयुष्यात काहीच कापलेले नाही. तरीही एका भल्या माणसाला मी जखम केली आणि ती कधी भरली नाही.

अँब्रोज पेंगेली इंग्रजांच्या आरमारात अधिकारी झाले तेव्हा मी त्यांच्या कमरेला आले. माझ्या पात्यावर नांगर कोरलेला होता. साहेब मला फार जपत.

आरमारात एक रीत होती. अधिकाऱ्यावर खटला चालला की त्याची तलवार न्यायाधीशांच्या मेजावर आडवी ठेवत आणि निकाल ठरला की वळवत. मूठ आरोपीकडे असली तर तो सुटला, टोक असले तर दोषी. कुणी बोलण्याआधीच त्याला कळे.

१९०८ साली धुक्यात साहेबांची बोट खडकावर चढली. खटला चालला आणि मी त्यांना मूठ दाखवली. पण डाग लागला तो लागलाच. "काय पेंगेली, आज समुद्रात की डोंगरावर?" असे सोबतचे अधिकारी तोंडावर विचारत आणि पुढच्या हुद्द्यावर जात. साहेबांच्या वाट्याला जुनाट बोटीच आल्या.

मग महायुद्ध आले. एखादे जहाज बुडाले तर बाकीच्यांनी थांबायचे नाही, पाणबुडी टपलेली असते, असा सक्त हुकूम होता. पुढचे मी साहेबांच्या दुसऱ्या खटल्यात ऐकले. शेजारचे जहाज फुटले, माणसे पाण्यातून हाका मारू लागली.

"साहेब, थांबायचं नाही, हुकूम आहे," दुय्यम अधिकारी म्हणाला.

"मलाही वाचता येतो तो. इंजिन बंद करा. दोर टाका!"

एकोणीस जण वर घेतले. विसावा दोराला लोंबत असतानाच साहेबांच्या जहाजावर पाणबुडीचा पाणतीर आदळला. त्यांची बेचाळीस माणसे गेली. त्या एकोणिसांतला एकच जगला.

"पुन्हा तशी वेळ आली तर थांबाल?" न्यायाधीशांनी विचारले.

"रोज सकाळी वेगळं उत्तर सुचतं, सर."

साहेब निकालासाठी आत आले तेव्हा माझे टोक त्यांच्याकडे होते. त्यानंतर त्यांना जहाज मिळाले नाही.

घरी त्यांनी मला जेवणाच्या मेजावर ठेवले, टोक स्वतःच्या खुर्चीकडे करून. त्यांच्या पत्नी विनिफ्रेडबाई धूळ पुसताना मला फिरवत. साहेब जेवायला बसले की पुन्हा वळवत.

"अहो, निकाल एकदा लागला ना? रोज रोज काय लावून घेता?"

"बेचाळीस घरांत तो रोजच लागतो, विनी."

असे अकरा वर्षे चालले. साहेब त्या खुर्चीतच गेले, माझे टोक समोर असताना. मला फार शरम वाटली.

दफन झाल्यावर सायलस हॉकिन आला, त्या एकोणिसांतला जगलेला एकटा, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. बाईंनी त्याला माझी हकिकत सांगितली. त्याने टोपी काखेत धरली.

"बाईसाहेब, त्या कोर्टानं मला बोलावलंच नाही. पाण्यात तर मी होतो!"

मग त्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि सावकाश वळवून ठेवले.

मित्रांनो, आता माझ्यावर गंज चढला आहे. मला घासूनपुसून चमकवू नका. धूळ झटकलीत तर पुरे, पण ठेवताना तेवढे बघा. खुर्ची रिकामी असली तरी मूठ तिच्याकडेच राहू द्या.