डावी मूठ

“माझ्या गळ्यातलं कुठंय?”

महानंदाबाई बिराजदारांनी उजव्या हाताने छाती चाचपली, मग मान, मग उशीखाली बोटं फिरवली. डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं. तोही हात त्यांनी उचलला तशी नळी ताणली गेली आणि स्टँड खडखडला.

“हलूं नका, आई. सुई निघेल,” शशिकला सिस्टर म्हणाली. “डबी तुमच्या लेकाकडे दिली आहे. आपरेशनला अंगावर धातू चालत नाही. तुम्हांस डुलकी लागली होती, म्हणून मीच काढली.”

म्हातारी थांबली. पोटात कळ आली होती, तरी तिने तोंड वाकडं केलं नाही.

“तू काढलीस?”

“होय कीं.”

“कुणाला इचारून?”

भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते. ऑपरेशनची वेळ सव्वादहाची होती. बेंबीजवळच्या हर्नियात आतड्याचा एक वेढा अडकला होता. त्या वेढ्याचा रक्तपुरवठा तुटला की आतडं सडू लागतं, आणि मग प्रकरण हाताबाहेर जायला फार वेळ लागत नाही. पहाटे चारपासून त्या ओकत होत्या. साडेसातला मुलाने त्यांना चेन्नईतल्या मैलापूरच्या या हॉस्पिटलात आणलं होतं.

“त्यात अंगारा होता ना?” शशिकलाने विचारलं. विचारताना तिचाच आवाज तिला पडलेला वाटला.

“लिंग हाय त्यात. माझं इष्टलिंग. आमी लिंगायत.” महानंदाबाई एकेक शब्द सुटा बोलल्या. “सात वर्साची होते तवा गुरूनं हातावर दिलंय. एकसष्ट वर्सं झाली. बाळंतपणाला काढलं न्हाई, मालक गेले तवा काढलं न्हाई. तू डुलकी लागली म्हून काढलंस.”

शशिकलाच्या मागे तिच्या हाताखालची नर्स शरण्या उभी होती, हातात ऑपरेशनपूर्व तपासणीचा कागद घेऊन. शरण्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं.

“अक्का, काय झालं?” तिने तमिळमध्ये विचारलं.

शशिकलाने कागद मागून घेतला. धर्म : हिंदू. अंगावरील वस्तू व विशेष सूचना : काही नाही. अक्षर तिचंच होतं.

ते पानही तिचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी एका नर्सने एका मुसलमान म्हाताऱ्याच्या दंडावरचा ताईत कात्रीने कापून ड्रेसिंगच्या कचऱ्यात टाकला होता. शशिकलाने मेट्रनच्या मागे लागून सहा प्रश्नांचं हे पान छापून घेतलं. अंगावर काय आहे, ते काढलेलं चालेल का, कुणी काढायचं, कुठे ठेवायचं, खाण्यापिण्याचा काय नेम आहे, स्पर्शाचा काही नियम आहे का. तेव्हापासून या वॉर्डात बायकांची ताली, म्हणजे मंगळसूत्र, अख्खी काढली जात नव्हती, धातू उतरवून तिचा हळदीचा दोरा गळ्यापाशीच चिकटपट्टीखाली झाकला जात होता. जैन आजोबांचं जेवण सूर्य मावळायच्या आत वर येत होतं. नव्या मुलींना ती एकच गोष्ट घोकून घ्यायची : विचारा. माहीत आहे असं वाटलं तरी विचारा.

महानंदाबाईंना तिने सहापैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.

सकाळी “मराठी पेशंट आलाय” म्हणून इमर्जन्सीतून फोन आला, तेव्हा ती जिना उतरून धावतच गेली होती. तिचे पूर्वज तंजावरला आले त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली होती. घरात ती आणि नवरा वेंकट मराठी बोलत, मुलगी जननी तमिळमध्ये उत्तर देई. बत्तीस वर्षांच्या नोकरीत या वॉर्डात मराठी बोलणारी बाई तिला पाच-सहा वेळाच भेटली असेल. “भिऊं नका, मी आहें,” असं ती म्हणाली तेव्हा पोट धरून पडलेली म्हातारी हसली होती. “बोलायलीस का पोथी वाचायलीस गं, माय?”

आपली बाई, असं शशिकलाने मनात धरलं. मोकळ्या गळ्यात काळ्या दोऱ्याला रुप्याची डबी दिसली. तिच्या सासूची अंगाऱ्याची डबी अशीच होती. तिने ती काढली, पिशवीत घातली, वहीत लिहिलं, मुलाची सही घेतली. पुढचं पानही तिने सासूला आठवूनच भरलं.

आणि मुलगा नऊ वाजून पाच मिनिटांनी वेलचेरीला गेला होता. आईच्या हृदयाच्या गोळ्या आणि जुना ईसीजी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हवा होता, ती फाईल घरी राहिली होती. जाताना तो पाठीवर सॅक घेऊन गेला. सॅकमध्ये ती पिशवी होती.

“मला न्हाई करायचं आपरेशन,” महानंदाबाई म्हणाल्या. “लिंग अंगावर न्हाई तर ह्यो जीव असून नसून सारखा. लिही तुज्या कागदावर.”

“आई, तो येईल आत्ता—”

“लिही.”

शशिकलाने वेळ घालून लिहिलं. ९.४४. रुग्ण पूर्ण शुद्धीवर. शस्त्रक्रियेस नकार. मग बाहेर येऊन तिने मुलाला फोन लावला. रविकांत ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर होता, चेन्नईत येऊन त्याला चार वर्षं झाली होती.

“फाईल मिळाली, मॅडम. निघतोच आहे.”

“पिशवी आहे ना? डबीची?”

“आहे, सॅकमध्ये. का?”

तिने सांगितलं.

“मला विचारलं असतं तर सांगितलं असतं ना,” तो म्हणाला. मग घाईघाईने, “नाही, चूक माझीपण आहे. मी सही केली. माझं स्वतःचं ड्रॉवरमध्ये पडलंय, शॉपफ्लोअरवर चालत नाही म्हणून. डोक्यातच आलं नाही. बरं, एक करा. तिला नीट दिसत नाही. तेवढ्या आकाराचं काहीतरी कापडात गुंडाळून हातात द्या. म्हणा, हेच आहे. मी आलो की बदलतो. पण ऑपरेशन थांबवू नका, मॅडम. प्लीज.”

ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर मलमाची एक छोटी गोल डबी होती. शशिकलाने ती उचलली. आकार बरोबर होता. वजनही फार चुकीचं नव्हतं. बाजूला गॉजचा गठ्ठा होताच. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि सव्वादहाची वेळ पाळता आली असती.

काचेतून महानंदाबाई दिसत होत्या. डोळे मिटलेले, उजवा हात छातीवर, डबी असायची नेमक्या त्या जागी.

तिने मलमाची डबी परत ठेवली.

“रस्त्याने येऊ नका,” ती म्हणाली. “स्टेशन गाठा, ट्रेनने या. पळत या.”

आत शरण्या ओल्या कापसाने म्हातारीचे ओठ पुसायला गेली होती. म्हातारीने तोंड फिरवलं. “लिंगाबिगर थेंब घेत नसतो,” ती भिंतीला म्हणाली. शरण्या कापूस हातात धरून तशीच उभी राहिली.

दहा वीसला सर्जन डॉ. सत्यनारायण स्वतः खाली आले, डोक्याला हिरवी टोपी घालूनच. त्यांनी पोटाला हात लावला. महानंदाबाईंच्या तोंडून आवाज निघाला, पहिल्यांदाच.

“अजून किती वेळ?” त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

“चाळीस मिनिटं, सर.”

“ते आतडं घड्याळ बघून थांबणार आहे का? एक इंजेक्शन द्या, शांत होतील. मुलाची संमती आहे.”

“त्या शुद्धीवर आहेत, सर. नाही म्हणाल्यात. दोनदा. मी नोंद केली आहे.”

“आणि ती वस्तू काढली कुणी?”

“मी.”

“तुम्ही?” एकोणीस वर्षं ते तिच्याबरोबर काम करत होते. त्यांनी शरण्याकडे पाहिलं. शरण्या फरशीकडे बघत होती.

“चला,” ते म्हणाले. “मी बोलतो. तुम्ही सांगत जा.”

ते पलंगाशी वाकून तमिळमध्ये बोलले आणि शशिकलाने एक शब्द न गाळता ते मराठीत सांगितलं. उशीर झाला तर आतडं कापावं लागेल. आणखी उशीर झाला तर जीव जाईल.

“ठावं हाय मला,” महानंदाबाई म्हणाल्या. “मरायची हौस न्हाई मला, सांग त्येला. नातीचं बारसं करून आलेय. आता तू इचार. लिंग आलं तर आत नेऊ देतो का?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. कापताना वीज वापरतात, रुपं अंगावर राहिलं तर कातडी भाजेल.

शशिकला पलंगाजवळ सरकली. मग तिने सकाळी विचारायचं ते आत्ता विचारलं. “आई, डबीच्या आत काय आहे? ते बाहेर काढलेलं चालतें कां? कुणी काढायचें?”

म्हातारीने डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं.

“रुपं वरलं घर हाय. आत दगडाचा देव, कापडात. म्या काढणार, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. डाव्या हातावर घेऊन तर रोज पूजा करते.”

“दगड?” डॉक्टर म्हणाले. “धातू मुळीच नाही? मग मुठीत राहू दे. डाव्या हाताशी मला काही काम नाही. वरून पट्टी बांधा, सलाईन उजवीकडे घ्या. आणि थिएटरच्या फळ्यावर लिहा, डावी मूठ उघडायची नाही.” ते जाता जाता वळले. “अकरा वाजेपर्यंत, सिस्टर. त्यानंतर काय सापडेल ते मी सांगू शकत नाही.”

“उजव्या हातास सुई लावूं कां?” शशिकलाने विचारलं.

महानंदाबाईंनी हात पुढे केला. पहाटेपासून पाणी पोटात ठरलं नव्हतं, शिरा बसल्या होत्या. शशिकलाने मनगटाच्या वर बोटाने दोनदा चाचपलं आणि एका टोचण्यात शीर धरली.

दहा पन्नास. दहा पंचावन्न. स्ट्रेचर दाराशी येऊन उभं होतं. रक्तदाब उतरू लागला होता. अकरा वाजले. थिएटरमधून फोन आला, शशिकलाने “येतोय” एवढंच सांगून ठेवला. तिने मलमाच्या डबीकडे पाहिलं नाही, पण ती कुठे आहे ते तिला ठाऊक होतं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी रविकांत जिन्याने वर आला. शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने पिशवी शशिकलापुढे धरली.

तिने दोन्ही हात मागे घेतले. “आईंस द्या.”

“कुठं होतं?” महानंदाबाईंनी विचारलं.

“सॅकमध्ये, आई.”

“कशापाशी?”

रविकांतने पाठीवरची सॅक खाली उतरवली. मग म्हणाला, “डब्यापाशी. जेवणाच्या.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. “हात धुवायला पाणी द्या.”

शरण्याने भांडं धरलं. महानंदाबाईंनी पडल्या पडल्या दोन्ही हात धुतले, डबी उघडली, आतली कापडाची गुंडाळी डाव्या तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. वॉर्डबॉयने स्ट्रेचरवरचा हात काढून घेतला. शशिकला घड्याळाकडे बघत होती. पाऊण मिनिट. मग मूठ बंद झाली.

“वरून पट्टी बांधायची आहे, आई. कोणी बांधायची?”

महानंदाबाईंची नजर शशिकलावरून पुढे गेली आणि शरण्यावर थांबली. “ती पोर बांधू दे.”

शशिकलाने पट्टीचा रोल शरण्याच्या हातात दिला आणि कुठून सुरू करायचं ते तमिळमध्ये सांगितलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं तेव्हा अकरा अठरा झाले होते.

सव्वाएकला डॉ. सत्यनारायण बाहेर आले. “ठीक आहेत,” त्यांनी रविकांतला इंग्रजीत सांगितलं. शशिकलाला त्यांनी कोपऱ्यात बोलावलं. “वीतभर आतडं काढावं लागलं. काळं पडलं होतं.”

“सव्वादहाला घेतलं असतं तर?”

“कदाचित वाचलं असतं. कदाचित नसतंही. ते काही लिहू नका.”

दोनला तिची ड्युटी संपली. ती घरी गेली नाही. नर्सिंग स्टेशनमध्ये बसून तिने घटनेचा अहवाल लिहिला. आठ पन्नास, वस्तू काढली, रुग्णाला विचारलं नाही. सव्वादहा, ठरलेली वेळ. अकरा अठरा, प्रत्यक्ष वेळ. उशीर, एक तास तीन मिनिटं. जबाबदार व्यक्ती या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं आणि शरण्याला वाचायला दिलं.

“अक्का, हे मेट्रन तुमच्या फाईलला लावतील,” शरण्या म्हणाली. “पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर होणार.”

“वेळा बरोबर आहेत का तेवढं बघ.”

साडेचारला महानंदाबाईंना चांगली शुद्ध आली. रविकांत पायाशी बसला होता. शशिकला स्टीलचा ट्रे घेऊन आत गेली. ट्रेमध्ये स्वच्छ कापडावर डबी होती, झाकण उघडलेलं. रविकांतनेच ती तिथे ठेवली होती.

“पट्टी कोणी सोडायची, आई?”

“म्या सोडते.”

उजव्या हातात सलाईन होतं. शरण्याची गाठ पक्की होती. महानंदाबाईंनी बोटांनी ती ओढून पाहिली, थांबल्या, दम घेतला, परत ओढली. ही गाठ शशिकलाने एका हिसक्यात सोडली असती. ती ट्रे धरून उभी राहिली. म्हातारीने गाठ दातांत धरली. रविकांत अर्धवट उठला. शशिकलाने त्याच्याकडे पाहून मान हलवली तसा तो खाली बसला.

शेवटी गाठ सुटली. वेढे एकावर एक चादरीवर पडत गेले.

“सिस्टर,” महानंदाबाई म्हणाल्या. “देव काढायलेय. तिकडं बघ.”

शशिकलाने तोंड खिडकीकडे फिरवलं. पलीकडे पुलावरून वेलचेरीची गाडी हळूहळू सरकत होती. तिने ट्रे होता तिथेच, दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला. कापड सरकल्याचं, झाकण लागल्याचं तिला ऐकू आलं. मग ट्रे हलका झाल्याचं बोटांना कळलं. तरी म्हातारीने “झालं” म्हणेपर्यंत ती खिडकीकडेच बघत राहिली.