दिराच्या नावानं

मॅडम येणार म्हणून पंचफुलाबाईनं सकाळीच पत्र्याची पेटी ओसरीवर ओढली आणि ओल्या फडक्यानं पुसून काढली. पेटीत तिच्या नवऱ्याचे, जळबाचे, कागद होते. जळबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण डोंगरकडा गावात अजून त्याचं नाव निघालं की माणसं जरा सावरून बसत. उमेदीची वर्षं त्यानं चळवळीत घातली होती. औरंगाबादला एका वसतिगृहाच्या खोलीत तो राहायचा, सभा-मोर्चे करायचा, आणि इकडं गावात सासू-सासरे, धाकटा दीर आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी पंचफुलाच्या गळ्यात. त्या काळात घरून गेलेलं एकही पत्र त्यानं टाकून दिलं नव्हतं. आता शहरातल्या एका हस्तलिखित संग्रहाला ती पत्रं हवी होती. चळवळीतल्या घरांचे खासगी कागद तिथं जपून ठेवणार होते.

पत्रं पंचफुलाचीच होती. पण तिला अक्षर येत नव्हतं. ती भाकरी थापता थापता बोलायची आणि दहावीतला दीर, बुद्धभूषण, चुलीच्या उजेडात लिहायचा. सासरा मोठा कडक. सुनेनं नवऱ्याला चिठ्ठ्या धाडायच्या म्हणजे त्याच्या लेखी थिल्लरपणा. भावानं भावाला लिहिलं तर मात्र कोण काय म्हणणार? म्हणून तोड तिनंच काढली होती.

"भावजी, खाली तुमचं नाव घाला. त्यांला बराबर कळंल कोन बोलून राह्यलं ते."

त्याला कळत होतंही. पण जळबा गेला, आणि कळणारं माणूस संपलं. आता प्रत्येक कागदाच्या शेवटी 'तुमचा बुद्धभूषण' एवढंच उरलं होतं.

मॅडम म्हणजे ऐश्वर्या, संग्रहातली तरुण अधिकारी. तिनं सतरंजीवर पांढरं कापड अंथरलं आणि आपली पद्धत सांगितली. एकेक पत्र उघडायचं, मोठ्यानं वाचायचं, त्याची वेगळी नोंद करायची. खाली ज्याचं नाव, पत्र त्याचं.

"पण सांगणारं माणूस वेगळं असेल आणि लिहिणाऱ्यानं तसं लेखी दिलं, तर सांगणाऱ्याचं नाव आधी येतं," ती म्हणाली.

हे पंचफुलाबाईच्या मुलानं, प्रमोदनं, तिला आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून म्हातारीच्या जिवात एकच गोष्ट घर करून बसली होती. आपलं नाव लागलं पाहिजे.

दीर हिंगोलीहून स्वतःच्या गाडीनं आला. निवृत्त प्राचार्य, एका शिक्षणसंस्थेचा सचिव, अंगात जाकीट. खुर्चीत बसून त्यानं ऐश्वर्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि हसला.

"वहिनी काय सांगायची? सगळे खुशाल, ज्वारी बरी, म्हैस आटली. त्याचं वाङ्मय केलं मी. दगड खाणीतून निघतो म्हणून कुणी मूर्तीवर खाणीचं नाव घालतं का?"

"आन् 'वाट बघून डोळ्याला कुरूप झालं' हे कोन बोललं भावजी?" पंचफुलाबाई म्हणाली. "तुमाला तर मिसरूड बी न्हवती. तुमी कुनाची वाट बघत व्हते?"

ऐश्वर्याला हसू आवरेना. बुद्धभूषणच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"भाऊ भावाची वाट बघत नाही का? बरं, तुझं आहे ना ते? मग सांग, त्याच्या पुढची ओळ काय?"

पंचफुलाबाईनं आठवून बघितलं. चुलीवरची भाकरी, डोळ्यात जाणारा धूर, पाठीशी सासऱ्याचा खोकला, सगळं डोळ्यापुढं उभं राहिलं. पुढची ओळ काही आली नाही. जिच्या तोंडून धान्य सांडलं तिनं दाणे कधी मोजले होते?

"'पायाला कुरूप झालं तर चालणं थांबतं, डोळ्याला झालं तर रडणं,'" बुद्धभूषणनं सावकाश म्हणून दाखवलं. "मला पाठ आहे. तुला का नाही, वहिनी?"

"आई, जाऊ दे की," प्रमोद खाली बघत म्हणाला. "तुला वाचता तर येत न्हाई. नाव असलं काय, नसलं काय."

"काहून रे? प्रज्ञेशचं काम अडलंय म्हून?"

प्रज्ञेश तिचा नातू. काकाआजोबांच्या संस्थेत मास्तर म्हणून लागला होता, अजून कायम झाला नव्हता. प्रमोद उठून पाण्याचा तांब्या भरायला गेला. तांब्या भरलेलाच होता.

ऐश्वर्यानं पुढचं पत्र उघडलं. "'दादास जयभीम. घरी सगळे बरे आहेत, एक सोडून.'"

पंचफुलाबाईनं पहिल्या ओळीवरच ते ओळखलं. हे पत्र जळबानं फाडलं असणार, असं ती जन्मभर धरून चालली होती. तो गावी आला, जेवला, राहिला, म्हातारा झाला. या पत्रावर एक शब्द बोलला नाही. त्या न बोलण्याला ती माफी समजत आली होती. आणि त्यानं तर ते घडी घालून जपून ठेवलं होतं.

ऐश्वर्या वाचत होती. "'पोर गेली. बाबाला ताप सांगितला. ताप नव्हता. ज्वारीची काढणी चालू आहे. बांधावरच्या बाभळीला झोळी होती. लेकरू रडलं तर मुकादम कामावरून काढतो, म्हणून सगळ्या बाया देतात तसा अफूचा खडा दुधात उगाळून देणं चालूच होतं. त्या दिवशी काम लांबणार होतं. खडा थोडा मोठा घेतला. माझ्याच हातानं पाजला. दिवस मावळता झोळीत हात घातला तर पोर गार. तुम्ही काय बोलायचं ते बोला. तुमचा बुद्धभूषण.'"

बाहेर रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. 

"सर," ऐश्वर्या चाचरत म्हणाली, "हे तुम्ही..."

"छे! छे!" बुद्धभूषण खुर्चीतून अर्धा उठला. "मी शाळेत होतो त्या दिवशी. हे वहिनीचं आहे. तिनं सांगितलं, मी उतरवून घेतलं. शब्द न् शब्द तिचा."

"मग सर, बाकीची पत्रंही तशीच..."

"बाकीची माझी. तुम्ही प्रत्येक कागदाची वेगळी नोंद करता ना? या कागदापुरतं मी लेखी देतो. आणा इकडं."

सकाळपासून खिशाला अडकवलेलं पेन त्यानं आता काढलं. जाकिटाची बाही वर सारून, मांडीवर फाइल ठेवून, त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं की सदर पत्रातील सर्व मजकूर माझ्या वहिनीचा असून मी केवळ लेखनिक होतो. खाली सही केली, तारीख घातली.

"ताई तापानं गेली म्हनली व्हतीस," प्रमोद दारातून म्हणाला.

"तुला तेच सांगितलं व्हतं," पंचफुलाबाई म्हणाली.

ऐश्वर्यानं ते लेखी हातात घेतलं, पण फाइलला लावलं नाही. "आजी, हे पत्र तुमचं आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर कागदावर आहे तेच नाव राहील. सरांचं."

बुद्धभूषणचा चेहरा उतरला. पंचफुलाबाईनं तो नीट पाहून घेतला. एक 'न्हाई' म्हटलं की झालं. ज्याला सगळं आपलं हवं होतं, त्याच्या पदरात हेही पडलं असतं. पुढं शिकणारी पोरं येतील, कागद उघडतील, या जाकीटवाल्यानं तान्ह्या लेकराला अफू पाजली असं वाचतील. घ्या भावजी, हे बी तुमचंच वाङ्मय. शब्द तिच्या दातांपर्यंत आला, आणि त्याची चव गोड होती.

पण मग ते लेकरू कुणाचं? जगात एवढ्या एकाच कागदावर ते होतं. तिथंही त्याला आई नसली तर ते जन्मलंच नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "माझं हाय."

बुद्धभूषणनं श्वास सोडला आणि खुर्चीत मागं टेकला. "पूर्ण नाव लिहा, मॅडम," तो घाईघाईनं म्हणाला. "पंचफुलाबाई जळबा खिल्लारे. सुटं सुटं, स्वच्छ लिहा. मुक्काम डोंगरकडा, तालुका कळमनुरी."

"आणि मुलीचं नाव?"

"ठिवलं न्हवतं," पंचफुलाबाई म्हणाली. "हे गावी आल्यावर ठिवायचं व्हतं."

ऐश्वर्यानं तसंच लिहिलं. मग उरलेला गठ्ठा पुढं ओढून तिनं एकेका कागदाच्या नोंदीत बुद्धभूषणचं नाव घालायला सुरुवात केली.

पंचफुलाबाईच्या पत्राच्या नोंदीवर अंगठा उमटवायची वेळ आली तेव्हा प्रमोदनं शाईची डबी आणली. दरवेळी तो आईचा अंगठा स्वतः धरून टेकवायचा. आज त्यानं डबी सतरंजीवर ठेवली आणि दूर उभा राहिला. पंचफुलाबाईनं आपला आपणच अंगठा शाईत बुडवला, आणि कुठं टेकवायचा ते तिला दिसेना.

"इथं, वहिनी," बुद्धभूषण वाकून म्हणाला, आणि मोठ्या मायेनं त्यानं तिचा हात धरला.